पाटाची पावती

दिवाळी नुकतीच आटपली होती. फराळाचे रिकामे डबे घासून उन्हात पालथे घालत होते, तेवढ्यात फाटकाशी आक्का दिसल्या. आमच्या बचत गटातल्या त्या सगळ्यात जुन्या सभासद. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत साडीऐवजी कागदच कागद. चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, "चहा मागनं. आधी हे वाचा."

कागद पाटबंधारे खात्याचा होता. पाणीपट्टीची थकबाकी, त्यावरचा दंड, व्याज, सगळं मिळून साडेसहा हजारांच्या वर. बाकी भरली नाही तर रब्बीचं पाणी मंजूर होणार नाही, असं खाली लिहिलेलं. वर नाव आक्कांच्या मालकांचं. मालक २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. सहा महिने उलटले होते.

"मेलेल्या माणसाला नोटीस आली बघा ताई. आता वर पाठवू का ही?" आक्का हसल्या, पण डोळे पुसले. मग जरा वेळाने म्हणाल्या, "मला एक सांगा. पाणी देवाचं, पाट सरकारनं बांधला, खांदायला आमचीच माणसं गेली. मग पैसे कशाचे? आणि पैसे घ्यायचेत तर घ्या, पण आमच्या वावरात पाणी तरी येऊ द्या!"

खरं सांगते मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मराठी आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी. नवऱ्याची नोकरी तालुक्याच्या गावी, म्हणून वीस वर्षांपूर्वी इथे आले. गट चालवते, बायकांचे बँकेचे अर्ज भरते, रेशनकार्डाची कामं करते. पण ज्या पाटावर हा सगळा मुलूख उभा आहे, त्याचं पाणी कोण कुणाला कोणत्या भावाने देतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तसा पाट माझ्या लहानपणापासून ओळखीचा. माझं माहेर पुण्याचं. पर्वतीच्या पायथ्याकडून मुठा उजवा कालवा जातो, आम्ही त्याला 'कॅनॉल' म्हणायचो. काठावर बायका गोधड्या, चादरी धुवायला येत, पोरं उड्या मारत. कुणी पैसे मागत नसे. कायद्याने कालव्याचं पाणी घाण करणं गुन्हा आहे, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. ते पाणी कुठे जातं, असं एकदा मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "हडपसरच्या पुढे, दौंडकडे, पार इंदापुरापर्यंत." मला वाटायचं, पाणी आपोआप जातं. नदी जाते तसं.

आपोआप काही जात नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला हाच कालवा दांडेकर पुलाच्या वरच्या अंगाला फुटला आणि वस्तीतल्या कितीतरी घरांत पाणी घुसलं. माझी चुलत बहीण तिकडेच राहते. फोनवर ती सांगत होती, कणग्या-डबे, पोरांची दप्तरं, गॅसची शेगडी, सगळं चिखलात. मग उंदीर-घुशींनी भराव पोखरला की केबलवाल्यांनी खणलं, यावर कितीतरी दिवस वाद चालला. मला त्या वेळी वाटलं ते एवढंच की, दीडशे वर्षांच्या जुन्या भिंतीवर रोज लक्ष ठेवायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, आणि तो कुठून तरी यावा लागतो. पाणीपट्टीतून कालव्याची देखभाल निघावी, हे सरकारचं धोरण आहे. म्हणजे आक्कांच्या 'पैसे कशाचे' या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याजवळ होतं. पण ते अर्धंच.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला आम्ही दोघी खात्याच्या शाखा कार्यालयात गेलो. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. पाणी हवं का, खुर्ची घ्या, सगळं विचारलं. पण कागद बघून पहिला प्रश्न, "खातेदार कुठायत?"

"वारले."

"मग सातबारा कुणाच्या नावावर?"

सातबारा अजून मालकांच्याच नावावर. वारसाची नोंद झालेली नव्हती. आक्कांना कुणी सांगितलंही नव्हतं. दीर म्हणाले होते, घाई काय आहे. म्हणजे थकबाकी आक्कांनी भरायची, पण पाण्याचा अर्ज त्यांना करता येणार नाही, कारण कागदावर त्या कुणीच नाहीत. कारकून म्हणाला, "बाई, माझ्या हातात काही नाही. आधी तलाठ्याकडं जा."

त्या दिवशी त्या टेबलापाशी बसून मी पहिल्यांदा पाटाच्या पाण्याचा हिशेब समजून घेतला. तो असा. दर हंगामाच्या आधी खातं जाहीर प्रगटन काढतं. पाणी पाहिजे त्या शेतकऱ्याने नमुना नंबर सात भरून द्यायचा, कोणत्या गटात किती क्षेत्र, पीक कोणतं. मागची बाकी असेल तर अर्ज अडतो. मंजुरी मिळाली की पाळीचा कागद मिळतो. धरणातून पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात, आणि चारीवर कुणाचं शेत कधी, कोणत्या वारी, किती वाजता, याच्या वाटणीला शेजपाळी. आकारणी होते ती पिकावर, क्षेत्रावर आणि हंगामावर. पावसाळ्यात कमी, रब्बीला त्याहून जास्त, उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त. उसाची पट्टी गव्हाच्या कितीतरी पट. मोजणीदार येऊन पीक मोजतो, त्यावर बिल.

आता यात एक गंमत आहे. बिल पिकाचं होतं, पाण्याचं नाही. तुमच्या वावरात दीड एकर गहू उभा दिसला की दीड एकराची पट्टी. त्या गव्हाला पाटाचं पाणी तीनदा मिळालं की एकदाच, रात्रभर वाहिलं की तासाभरात आटलं, हे त्या बिलात कुठेच नसतं. आक्कांचं शेत चारीच्या अगदी शेवटी, शेपटाला. आमच्याकडे सगळे 'टेल' म्हणतात. नियम असा की पाणी आधी शेपटाला द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं. प्रत्यक्षात वरच्या अंगाचे लोक रात्री पाटात डोंगळे टाकतात, मोटारी लावतात, आणि शेपटापर्यंत येतो तो ओलावा. आक्का म्हणतात, "आमच्या वाट्याला पाण्याचा वास येतो."

आणि दंड कशाचा होता? तर दोन वर्षांपूर्वी चारीचा भराव कुणीतरी रात्रीत फोडला होता. कुणी ते सापडलं नाही. मग पंचनामा झाला आणि त्या चारीवरच्या सगळ्या खातेदारांवर मिळून आकारणी झाली. हे मला खोटंच वाटलं. घरी येऊन एका वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, खोटं नाही, तशी तरतूद १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यापासून आहे. चोर सापडला नाही तर ज्याच्या रानात पाणी गेलं त्याच्यावर, आणि तेही कळलं नाही तर त्या चारीचं पाणी वापरणाऱ्या सगळ्यांवर. आपल्या राज्याने १९७६ मध्ये स्वतःचा पाटबंधारे कायदा केला, त्यातही तो विचार राहिला. इंग्रजांचं गणित सरळ होतं. खालच्यांना वरच्यांवर पहारा करायला लावायचं. पण आक्कांनी कुणावर पहारा करायचा? वरचे म्हणजे कोण, तर सोसायटीचे चेअरमन, त्यांचे भाऊ, आणि स्वतःचे चुलत सासरे!

मग मला जरा नादच लागला. वाचनालयातून पुस्तकं आणली, निवृत्त कालवा निरीक्षक आहेत शेजारच्या आळीत, त्यांना जाऊन छळलं. पाण्याचा भाव आणि वाटप यावरची भांडणं काही आजची नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. त्याआधी पाटाच्या कडेचे काही गावचे लोक सगळं पाणी उसाला ओढत आणि पुढची गावं कोरडी. विश्वेश्वरय्यांनी ठरवलं की प्रत्येक गावात थोड्याच क्षेत्राला, ठरावीक वर्षांच्या कराराने पाणी द्यायचं, त्यातही ऊस एका भागातच, म्हणजे पाणी अधिक गावांत पसरेल. तेव्हाही शेतकरी चिडले होते. नेमाने वागायला कुणालाच आवडत नाही. पण मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते यासाठी की, पाणी किती आहे याबरोबर ते किती गावांत गेलं, हेही त्यांनी मोजलं.

आणि त्याहूनही जुनी आपली फड पद्धत. धुळ्याकडे पांझरेच्या काठी बंधाऱ्यावर शेतकरीच पाणी वाटून घेत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी सारखी. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना धान्याच्या रूपात मेहनताना. म्हणजे पाणी फुकट तेव्हाही नव्हतं. पण पैसे, नव्हे धान्य, ज्याला द्यायचं तो माणूस रोज डोळ्यांसमोर बांधावर दिसत होता. त्याने पाणी दिलं नाही तर त्याला जाब विचारता येत होता. आक्कांच्या नोटिशीवर ज्यांची सही होती, त्यांना आक्कांनी जन्मात पाहिलेलं नाही.

इकडे आक्कांची वारसनोंद रखडली होती. मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, सासूबाईंची सही. सासूबाईंनी सही लगेच केली, बरं का! म्हणाल्या, "माझ्या वेळेला मी काही म्हणाले नाही, तू तरी म्हण." पण फेरफार मंजूर व्हायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि तोवर नमुना सातची मुदत गेली. त्या साली आक्कांनी गहू पेरला नाही. जमिनीच्या ओलीवर हरभरा टाकला, तो गुडघ्यालाही आला नाही. शेजारच्या विहिरीवाल्याने पाणी देऊ केलं होतं, पण तिसऱ्या वाट्याने. म्हणजे पिकलं त्यातला तिसरा हिस्सा त्याचा. आता हिशेब करा. पाटाच्या गव्हाची पट्टी काही शेकड्यांत जाते, आणि विहिरीचं पाणी तिसरा हिस्सा नेतं. पाणीपट्टी माफ करा म्हणून मोर्चे निघतात तेव्हा मला हे आठवतं. पाटाचं पाणी महाग नाहीच. ते न मिळणं महाग आहे.

याच धावपळीत माझ्या हाती २००५ सालचे दोन कायदे आले. एकाने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. शेतीला, कारखान्याला, पिण्याच्या पाण्याला ठोक दर किती, हे ते प्राधिकरण ठरवतं. त्याच कायद्यात एक कलम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कायदा आल्यानंतर ज्याला दोनपेक्षा जास्त मुलं होतील, त्याने शेतीच्या पाण्याला दीडपट पट्टी द्यायची! आता सांगा, मुलं किती व्हावीत हे घरात कोण ठरवतं? मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, हे सुनेला कोण ऐकवतं? आणि दीडपट पट्टीची नोटीस आली की ती भरायला मंगळसूत्र कुणाचं गहाण पडणार? लोकसंख्येचा प्रश्न पाटाच्या मोरीपाशी सोडवायला निघालेल्या त्या कलमाचा मसुदा करताना टेबलाभोवती किती बायका बसल्या असतील, मला शंका आहे.

दुसरा कायदा मात्र मला आवडला. सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांनी व्यवस्थापन करायचा. त्यात एका चारीवरच्या शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था. खातं संस्थेला पाणी मोजून देणार, घनमीटरने, आणि पट्टीही मोजलेल्या पाण्याची. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने बघावं. पट्टी संस्थेने गोळा करायची. संचालक मंडळात वरचा, मधला आणि शेपटाचा, तिन्ही भागांतली माणसं हवीत, बायकांना राखीव जागा, आणि अध्यक्षपदही आळीपाळीने या तिन्ही भागांकडे. हे वाचल्यावर वाटलं, अरे, इथे आक्कांना बसायला जागा आहे!

कागदावरचं खरं असतं का, ते बघायला २०२२ च्या उन्हाळ्यात गटाच्या नऊ बायका आणि मी, जीप करून ओझरला गेलो. नाशिकजवळचं ओझर. विमानाच्या कारखान्यामुळे बहुतेकांना माहीत असतं. पण पाण्याच्या जगात ते वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं हे टोक. कालवा होता, पाणी नव्हतं, अगदी आक्कांच्या वावरासारखं. तिथे समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९९१ च्या सुमाराला तीन पाणी वापर संस्था सुरू झाल्या. म्हणजे तो कायदा यायच्या चौदा वर्षं आधी! पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या, त्यांची मिळून प्रकल्प पातळीवरची संस्था झाली, आणि धरणापासून शेतापर्यंतच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांकडे आला.

आम्हाला तिथे भाषण नको होतं. आम्हाला चारी बघायची होती. चारीच्या तोंडाशी पाणी मोजायची पट्टी होती, त्यावरून किती पाणी आत आलं ते कळतं. आमच्यातल्या एकीने विचारलं, "आणि पट्टी कुणी बुडवली तर?" दाखवणारा शेतकरी हसला. म्हणाला, "ताई, सरकारची बुडवता येते. शेजाऱ्याची कशी बुडवणार? उद्या सकाळी त्याचं तोंड बघायचंय." पाणी मोजून मिळतं म्हटल्यावर ते जपून वापरायची अक्कल आपोआप आली, असंही तो म्हणाला. ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून आवर्तनाचं पाणी त्यात अडवलं, विहिरी भरल्या, आणि विहिरीवाल्यांनाही त्यात वाटा उचलायला लावला. आजूबाजूला द्राक्षाचे बाग दिसत होते. आमच्या बायका बागांकडे बघत नव्हत्या, त्या मोजायच्या पट्टीकडेच बघत होत्या. आक्कांनी तिला हात लावून पाहिला, वजनकाट्याला लावावा तसा.

परतीच्या जीपमध्ये मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. संस्थेचा सभासद कोण? ज्याच्या नावावर लाभक्षेत्रातली जमीन, तो. रात्री कंदील, आता बॅटरी, घेऊन दारं कोण धरतं? आमच्याकडे निम्म्या घरांत बाईच धरते. नवरा कारखान्यावर, नाहीतर पुण्यात रिक्षावर. पण तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून तिला संस्थेत मत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा कितीतरी गावांत पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला होता. आमच्या नऊ जणींत मी हात वर करायला सांगितलं, जमीन कुणाकुणाच्या नावावर आहे? तीन हात वर आले. तिघी विधवा.

गावात परत आल्यावर कळलं, आमच्याही चारीवर पाणी वापर संस्था आहे! गेली कित्येक वर्षं आहे, नोंदलेली आहे, संचालक मंडळही आहे. त्यात बायकांची नावं आहेत. त्यातल्या एकीला मी बाजारात गाठलं. तिला माहीतच नव्हतं. "ह्यांनी कुठंतरी सही घेतली होती," म्हणाली. सभा कधी झाली, आठवत नाही. मोजायची पट्टी होती म्हणे एके काळी, ती कुणीतरी उपसून गोठ्याला लावली.

मग आम्ही फार काही क्रांती केली नाही. सभेची मागणी केली, लेखी. गटातल्या ज्यांच्या ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्या सह्या घेतल्या, ज्यांच्या नावावर नाही त्यांच्या नवऱ्यांच्या घेतल्या, त्यासाठी नवऱ्यांना चहा पाजला. सप्टेंबरात मारुतीच्या देवळात सभा झाली. पुरुष ओट्यावर, आम्ही खांबामागे. चेअरमननी प्रास्ताविक केलं, हिशेब वाचला, आणि आता सभा संपली असं म्हणणार एवढ्यात आक्का उठल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. मी पट्टी भरती. पाणी मोजून द्या, पैसे मोजून घ्या. आणि कायद्यात लिवलंय तसं टेलाला आधी."

थोडी कुजबुज झाली. आक्कांचे चुलत सासरे, डोंगळेवाल्यांतलेच एक, म्हणाले, "सूनबाई, पाणी मोजायला लागलात तर ऊस कुणाचा राहील?"

आक्का म्हणाल्या, "तुमचाच राहील मामंजी, पण थोडा."

सगळे हसले, तेही हसले. हसण्याने प्रश्न सुटला असं समजू नका. त्या सभेत मोजायची पट्टी पुन्हा बसवायचं ठरलं, ती बसायला पुढचा उन्हाळा लागला. रात्रीच्या पहाऱ्याला चारीवर दोन माणसं ठेवायची ठरलं, त्यांचा पगार पट्टीवर थोडी भर घालून. यावर मात्र सगळ्यांत जास्त वाद झाला. पट्टी वाढवायला कुणी तयार नव्हतं. मला आश्चर्य वाटलं, त्या वेळी हो म्हणणारे सगळे शेपटाचे होते, म्हणजे ज्यांच्याकडे पैसा सगळ्यांत कमी.

थकबाकीचं काय झालं? मुद्दल गटाने कर्ज म्हणून दिलं, आक्कांनी ते दहा हप्त्यांत फेडलं, एकही चुकवला नाही. दंडावर आम्ही हरकतीचा अर्ज दिला, की भराव फुटला त्या रात्री शेपटाला पाणीच नव्हतं, मग पाण्याची चोरी आमच्या नावावर कशी? त्याचा निकाल अजून लागलेला नाही. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा साहेब बैठकीला गेलेले. फाइल आहे एवढं कळतं, कारण आक्का दर महिन्याला जाऊन ती आहे का बघून येतात.

त्या वर्षी, २०२२ च्या रब्बीला, नमुना सात आक्कांनी स्वतः भरला. माझ्या ओट्यावर बसून. गट नंबर पाठ, क्षेत्र पाठ. 'अर्जदाराचे नाव' तिथे आल्यावर थांबल्या. विचारलं, "यांचं नाव मधे लिहू की नको?" मी म्हटलं, लिहा. त्यांनी स्वतःचं नाव, मग मालकांचं, मग आडनाव, असं सावकाश लिहिलं. आणि खाली अंगठा न करता सही.

पाळी आली ती रात्री दीड वाजताची. जानेवारीची थंडी. मला राहवेना, नवऱ्याला म्हटलं, मी जाऊन येते. तोही आला, स्कूटरवर. आक्का, त्यांचा धाकटा मुलगा आणि सासूबाईसुद्धा बांधावर शेकोटी करून बसलेल्या. एक वाजला, दीड वाजला, पावणेदोन. चारी कोरडी. आक्कांचा मुलगा वरच्या अंगाला बघून आला, म्हणाला, पहारेकरी आहेत, एक डोंगळा काढायला लावला त्यांनी, शिवीगाळ झाली पण काढला. सासूबाईंना डुलकी लागली होती. मी मनात म्हटलं, गेलं वाटतं हेही वर्ष.

दोनच्या पुढे पालापाचोळा सरकल्यासारखा आवाज आला. आधी काडीकचरा वाहत आला, मागून फेस, मग पाणी. बॅटरीच्या उजेडात मातकट दिसत होतं. आक्कांनी पोटचारीचं तोंड फोडलं, साडी खोचली, आणि पहिल्या वाफ्याला दारं धरलं. कुणी काही बोललं नाही. सासूबाई जाग्या झाल्या आणि एवढंच विचारलं, "किती वाजल्यापासून धरायचं?" म्हणजे घड्याळ बघून लिहून ठेवायचं, पुढे भांडायला लागलं तर. माझ्या नवऱ्याने वेळ लिहून घेतली, दोन वाजून बारा मिनिटं.

मार्चमध्ये गव्हाच्या ओंब्या भरल्या. पट्टीची पावती घेऊन आक्का आल्या, त्याच साडीच्या पिशवीतून. पावतीवर त्यांचंच नाव होतं, पण आडनावातला एक काना राहिला होता. मी म्हटलं, दुरुस्त करून आणू या का?

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या, "परत गेलं तर ते म्हणतील खातेदार कुठायत."

मग चहा घेतला, आणि पिशवीतला अर्धा शेर नवा गहू माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या.